ओलें लांकूड

तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला घरांत फारसा मान नसतो. वर्गांत ज्याच्या शब्दावर साठ मुलें मान डोलावतात, त्याची बाजाराची पिशवी घरीं पुन्हां तपासून घेतल्याशिवाय कोणी ओट्यावर ठेवूं देत नाहीं. "तुमचें तर्कशास्त्र कॉलेजांत ठेवून या," हें वाक्य मीं गेल्या २८ वर्षांत पत्नीच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याला आमच्या घरांत सुभाषिताची प्रतिष्ठा आली आहे. पूर्वीं मला ह्याचा राग येई. अलीकडे मात्र त्या वाक्यांत बरेंच तथ्य असावें असें वाटूं लागलें आहे. आणि तथ्य किती व अतिशयोक्ति किती, ह्याचा हिशेब एकदां शांतपणें मांडून पाहावा म्हणून आज लेखणी हातीं घेतली आहे.

मी वसईचा. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं घेतलेल्या किल्ल्यामुळें आमच्या गांवाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत गेलें; पण मुंबईकराला वसई ठाऊक असते ती केळ्यांमुळें, विड्याच्या पानांमुळें आणि विरारच्या लोकलगाडींतल्या गर्दीमुळें. मुख्य रस्त्यापासून जरा आंत आमची एक लहानशी वाडी आहे. थोडे माड, थोड्या केळी, एक विहीर आणि आजोबांनीं बांधलेलें कौलारू घर, एवढाच तिचा विस्तार. कॉलेजांत माझ्याकडे दोन विषय आहेत, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र. मनुष्यानें विचार कसा करावा हें पहिलें सांगतें. तो प्रत्यक्षांत कसा करतो हें दुसरें.

ह्या दोन शास्त्रांची सोयरीक जुनी आहे, आणि सोयऱ्यांत असतें तसें भांडणहि जुनें आहे. इंग्रज गणिती जॉर्ज बूल ह्यानें १८५४ सालीं विचाराच्या नियमांवर मोठा ग्रंथ लिहून 'आणि', 'किंवा', 'नाहीं' ह्या साध्या शब्दांचें बीजगणित मांडलें. आपण मनाच्याच व्यापाराचे नियम सांगत आहों, अशी त्याची धारणा होती. पुढें तीस वर्षांनीं, १८८४ सालीं, फ्रेगे ह्या जर्मन पंडितानें बजावलें कीं, तर्काची व मनोव्यापाराची अशी गल्लत करूं नका. माणसें बेरीज चुकतात म्हणून बेरजेचे नियम बदलत नाहींत. हें म्हणणें रास्त आहे, आणि मीहि तें दरवर्षीं वर्गांत सांगतों.

पण तर्काचे नियम म्हणजे मनाचे नियम नव्हेत असें मानलें, तरी एक मोह उरतोच. युक्लिडानें पांच गृहीतांवर सबंध भूमिति उभारली. तसें निवडक गृहीतांवर, शुद्ध अनुमानाच्या जोरावर, मनाचें शास्त्र उभारतां येणार नाहीं काय? हा मोह ज्याला सर्वांत जबर पडला तो अमेरिकेंतील येल विद्यापीठाचा मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल. त्यानें १९४० सालीं आपल्या सहकाऱ्यांसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय काय, तर निरर्थक अक्षरांची यादी माणूस पाठ कशी करतो! पण मांडणी पाहावी. आधीं व्याख्या, मग गृहीतकें, मग त्यांवरून काढलेले सिद्धांत; आणि हें सारें साध्या भाषेंतच नव्हे, तर तर्कशास्त्राच्या चिन्हांतहि. त्यासाठीं एक तर्कशास्त्रज्ञ मुद्दाम जोडीला घेतला होता. प्रत्येक सिद्धांत पुढें प्रयोगाच्या कसोटीला लावावयाचा, असा बेत. विद्यार्थिदशेंत तो ग्रंथ प्रथम पाहिला तेव्हां एखाद्या देवळाचें शिखर पाहावें तसा मी त्याच्याकडे पाहत राहिलों होतों.

परंतु असलें स्वप्न पहिल्यानें अमेरिकेंत पडलें असें समजण्याचें कारण नाहीं. माझे वडील शाळेंत संस्कृत शिकवीत. त्यांच्या कपाटांत अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' होता. यशवंत वासुदेव आठल्ये यांनीं टीपा लिहून सिद्ध केलेला, आणि त्यांच्या निधनानंतर महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत निघालेला तो ग्रंथ महाराष्ट्रांतील कॉलेजांच्या कित्येक पिढ्यांनीं वापरला आहे. सुटीच्या दिवशीं ओटीवर बसून वडील मला त्यांतील उतारे समजावून देत. मन आहे कशावरून, हा प्रश्न मीं प्रथम ऐकला तो त्या ओटीवर.

गौतमाच्या न्यायसूत्रांतील त्याचें उत्तर मला आजहि थक्क करतें. डोळा उघडा आहे आणि समोर रूप आहे; कान उघडा आहे आणि शेजारीं शब्द आहे. तरी दोन्ही ज्ञानें एकाच क्षणीं उपजत नाहींत. ज्या अर्थीं उपजत नाहींत, त्या अर्थीं इंद्रियांच्या पाठीमागें आणखी एक साधन असलें पाहिजे, आणि तें एका वेळीं एकाच इंद्रियाशीं जोडलें जात असलें पाहिजे. तें साधन म्हणजे मन. डोळ्यांना न दिसणारी वस्तु केवळ अनुमानानें सिद्ध केली, आणि तिचा एक गुणहि त्याच अनुमानानें ठरविला! ह्यावर पुढें शंका निघाली. तेलांत तळलेला कुरकुरीत पदार्थ खातांना त्याचें रूप, वास, चव, स्पर्श आणि कुडकुड आवाज हीं पांचही ज्ञानें एकदमच होतात कीं! आमच्या घरीं हा दाखला कडबोळ्यावर चाले. विश्वनाथ पंचाननाच्या 'मुक्तावली'ंत तिचें उत्तर आहे: एकावर एक ठेवलेल्या कमळाच्या शंभर पाकळ्या सुईनें भेदल्या म्हणजे त्या एकदमच भेदल्या असें वाटतें, पण सुई जाते ती एकीनंतर एक, तसेंच हें. मला कडबोळें खातांना त्या सुईचा शोध घेण्याची खोड लागली ती तेव्हांपासून. पुढें कॉलेजांत वाचलें कीं, लागोपाठ दोन खुणा झाल्या असतां दुसऱ्या खुणेला द्यावयाचें उत्तर रेंगाळतें, आणि १९५२ सालीं वेलफर्ड नांवाच्या ब्रिटिश संशोधकानें त्यावरून असें अनुमान केलें कीं, निर्णय घेणारा मार्ग एकच असून त्यांतून एका वेळीं एकच काम पुढें सरकतें. वाचतांना ओटीवरचें तें कडबोळें आठवून मी एकटाच हंसलों.

त्याच ओटीवर मला दुसराहि एक धडा मिळाला होता. तो मात्र मीं नीट राखला नाहीं, आणि ह्या लेखाचें कारण तेंच आहे.

श्रावणांतील दिवस होते. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. वडिलांनीं विचारलें, "डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों. मग डोंगरावर अग्नि आहे, म्हणून तेथें धूर आहे, असें म्हणावें कीं नाहीं?" मीं तत्काळ "म्हणावें" असें उत्तर दिलें. ते कांहीं बोलले नाहींत. "जा, तुझ्या आईला विचारून ये," एवढेंच म्हणाले. स्वयंपाकघरांत आई फुंकणी घेऊन चुलीशीं झगडत होती. धुरानें डोळे लाल झालेले. मीं प्रश्न विचारतांच ती म्हणाली, "अरे, विस्तवाचा कसला धूर? लांकूड ओलें आहे म्हणून धूर. वाळलेलें असतें तर मी अशी रडत बसलें असतें का?" मी परत आलों तेव्हां वडील हंसत होते. ते म्हणाले, "हिनें जें सांगितलें त्यालाच नैयायिक उपाधि म्हणतात. लोहाराच्या भट्टींतला तापून लाल झालेला गोळा पाहा; त्यांत अग्नि आहे, धूर कोठें आहे? जेथें जेथें धूर तेथें तेथें ओलें लांकूड आहे. पण जेथें जेथें अग्नि तेथें तेथें तें नाहीं. तें जोंवर तुझ्या लक्षांत आलें नाहीं, तोंवर तुझें अनुमान खरें निघालें तरी तें तुझ्या हुशारीनें निघालें असें समजूं नकोस."

वडील जाऊन आतां सहा वर्षें झालीं. आईला ८३ वें वर्ष चालू आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आई एकच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारूं लागली. माझी मुलगी मुंबईंत नोकरीला आहे; ती संध्याकाळीं विरार गाडीनें येते. सात वाजले कीं आई विचारी, "चिमणी आली का रे?" मी म्हणे, "आली." पांच मिनिटांनीं पुन्हां तोच प्रश्न. पुन्हां उत्तर. जेवणाचीं पानें मांडीपर्यंत चार-पांच वेळां तरी हें होई. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक. मला कारण शोधायला लांब जावें लागलें नाहीं. विस्मरणाचा रोग जडला असेल, तर माणूस तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारील. आई तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारते. म्हणून तिला विस्मरणाचा रोग जडला आहे.

एवढ्यावर मी थांबलों नाहीं. चांगल्या सिद्धांतावरून पुढचीं भाकितें काढतां आलीं पाहिजेत. रोग असेल तर तिचीं उत्तरें असंबद्ध होतील. एके दिवशीं मीं विचारलें, "गोळी घेतलीस का?" ती म्हणाली, "होळीवर आज कोण जाणार आहे?" (होळी म्हणजे आमच्याकडील एक बाजारपेठ.) भाकीत खरें ठरलें. रोग असेल तर ती माणसांत जाणें टाळील. तिनें शेजारच्या भजनाला जाणें सोडलें. तेंहि खरें ठरलें. रोग असेल तर ती संशयी होईल. मी व पत्नी बोलत असलों कीं ती आमच्या तोंडांकडे टक लावून पाही, आणि आम्ही पाहिलें कीं नजर वळवी. तेंहि खरें. एकामागून एक भाकीत खरें ठरत होतें आणि मला दुःख होत होतें, हें सांगावयास नकोच. पण आज प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे कीं, त्या दुःखाच्या तळाशीं कोठें तरी सिद्धांत जुळल्याचें एक बारीकसें समाधानहि होतें.

सिद्धांत ठरला कीं त्याप्रमाणें वागणें आलें. तिला गॅसपाशीं एकटी जाऊं देऊं नये असें आम्हीं ठरविलें. नारळवाल्याचा हिशेब वडिलांच्या मागें ती स्वतः पाहत असे. तो मीं माझ्याकडे घेतला. शेवटीं कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. वाडीचे कागद त्या कपाटांत होते. ती ते कोठें तरी ठेवून विसरेल अशी मला धास्ती. तिनें माझ्याकडे एकदां पाहिलें, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. एक शब्द बोलली नाहीं. त्या दिवसापासून तिचें बोलणें फारच कमी झालें. संध्याकाळचा तो एक प्रश्न तेवढा उरला. तिचें गप्प होणेंहि मीं माझ्या सिद्धांताच्या जमेस धरलें.

आणि ह्याच आठ महिन्यांत मी वर्गांत काय शिकवीत होतों? पीटर वेसन नांवाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानें १९६६ सालीं प्रसिद्ध केलेलें चार पत्त्यांचें कोडें! टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर आणि दुसऱ्या बाजूस अंक आहे. वर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम असा सांगितला आहे कीं, एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो. हा नियम खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं कोणते पत्ते उलटावे? बहुतेक मुलें सांगतात, अ आणि ४. वेसनच्या प्रयोगांतील शहाणीं माणसेंहि बहुधा असेंच सांगत. बरोबर उत्तर अ आणि ७ हें आहे. ४ च्या मागें स्वर निघो वा व्यंजन निघो, नियमाला कांहीं बाध येत नाहीं. पण ७ च्या मागें स्वर निघाला तर नियम तेथेंच कोसळला. आपण नियमाला अनुकूल असा पुरावा गोळा करीत बसतों. प्रतिकूल पुरावा जेथें लपलेला असेल तो पत्ता उलटण्याचें आपल्याला सुचत नाहीं.

गंमत अशी कीं, हेंच कोडें व्यवहाराच्या वेषांत आलें म्हणजे माणसें चुकत नाहींत. ग्रिग्ज आणि कॉक्स ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९८२ सालीं दारू पिणाऱ्याच्या वयाचा नियम घेऊन तें दाखविलें. मी वर्गांत आमच्या लोकलगाडीचा दाखला देतों. पहिल्या वर्गाच्या डब्यांत बसणाऱ्याजवळ पहिल्या वर्गाचा पास असला पाहिजे. तर मग तिकीट-तपासनीस कोणाला हटकील? पहिल्या वर्गांत बसलेल्याला, आणि दुसऱ्या वर्गाचा पास बाळगणारा कोणत्या डब्यांत चढतो आहे त्याला! सारा वर्ग एका सुरांत उत्तर देतो. फसवणूक पकडावयाची असली कीं आम्हां सर्वांना तर्कशास्त्र येतें. स्वतःची फसवणूक पकडावयाची असली कीं तेवढें येत नाहीं. घरीं मी आठ महिने चाराचाच पत्ता उलटून पाहत होतों, आणि दर वेळीं खूष होत होतों.

साताचा पत्ता माझ्या हातून उलटला गेला नाहीं. तो विजेच्या खात्यानें उलटला.

जूनचा आरंभ होता. पाऊस अजून यायचा होता. अंग नुसतें चिकट झालें होतें. संध्याकाळीं साडेसहाला वीज गेली. आईच्या डोक्यावरचा जुना पंखा खडखडत थांबला, टेलिव्हिजन थांबला, शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप थांबला. वसईंत हल्लीं क्वचितच ऐकूं येते अशी शांतता झाली. थोड्या वेळानें मुलगी आली. आईनें विचारलें, "चिमणी आली का रे?" मीं काळोखांतूनच सांगितलें, "आली. विहिरीवर पाय धुते आहे." "बरें," आई म्हणाली. आणि थोडें थांबून, "विहिरीवर काळोख असेल. कंदील दे तिला." मी दिवा देऊन परत आलों आणि तिच्याजवळ बसलों. ती वडिलांच्या वेळच्या एका वादळाची हकीकत सांगूं लागली. पाऊण तास गेला. तिनें तो प्रश्न पुन्हां विचारला नाहीं.

वीज आली. पंखा फिरूं लागला, टेलिव्हिजनवरचीं माणसें पुन्हां भांडूं लागलीं. मुलगी आंतून काय म्हणाली कोण जाणे, आई माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणते रे? पुन्हां बाहेर गेली का ती?" आणि माझ्या अंगावर सर्रकन् कांटा आला. रोग तर पंख्याबरोबर येत-जात नसतो! पुन्हां पुन्हां विचारणें हा माझा धूर. विस्मरण हा माझा अग्नि. आणि जें ओलें लांकूड आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर जळत होतें, तें म्हणजे तिचे कान. तिला उत्तर आठवत नव्हतें असें नव्हे. तिला उत्तर मिळालेंच नव्हतें.

तरी एका दाखल्यावर नवा सिद्धांत उभारण्याची चूक पुन्हां करावयाची नाहीं, एवढें शहाणपण आतां आलें होतें. विस्मरण खरें असेल तर लिहून दिलेलें उत्तरहि ती विसरली पाहिजे. माळ्यावरून माझ्या लहानपणची दगडी पाटी काढली. तीन दिवस आईशीं जें बोलावयाचें तें पाटीवर लिहून बोललों, आणि दर दिवशीं आदल्या दिवसाचें विचारलें. तिनें सारें बिनचूक सांगितलें. शिवाय तिसऱ्या दिवशीं म्हणाली, "काल तूं 'विहीर' लिहितांना दुसरी वेलांटी ऱ्हस्व काढलीस. प्रोफेसर ना तूं?"

कानाच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हा वयाचा बहिरेपणा आहे. त्यांत उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनि आधीं जातात. 'स', 'त', 'क' असलीं व्यंजनें पुसट होतात आणि स्वर तेवढे राहतात. म्हणून माणूस बोलतें आहे हें कळतें, काय बोलतें तें कळत नाहीं. आणि भोंवतीं गलका असला कीं मुळींच कळत नाहीं. वयाप्रमाणें येतो तेवढा विसराळूपणा तिच्यांत आहे, पण रोग नाहीं. पुढें त्यांनीं जें सांगितलें त्यानें मात्र मी हादरलों. बहिरेपणाकडे दुर्लक्ष झालें तर विस्मरणाच्या रोगाचा धोका त्यानेंच वाढतो. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०१७ सालींच, टाळतां येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाची गणना केली आहे. म्हणजे मी माझ्या सिद्धांताप्रमाणें आणखी कांहीं वर्षें वागलों असतों, तर तो कदाचित् खरा होऊन बसला असता, आणि मी त्याच्या खरेपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली असती!

श्रवणयंत्र आलें. पहिल्या दिवशीं आई ओटीवर बसून माडांच्या झावळ्यांची सळसळ ऐकत होती. मी शेजारीं जाऊन बसलों. तिनें माझ्याकडे न पाहतां विचारलें, "वाडी विकलीस का रे?"

मला प्रथम प्रश्नच कळला नाहीं. मग हळूहळू उलगडा झाला. आईनेंहि एक सिद्धांत बांधला होता. वाडी विकण्याचें ठरलें असेल, तर मुलगा आणि सून माझ्यासमोर हळू आवाजांत बोलतील. तीं हळू आवाजांत बोलतात. म्हणून वाडी विकण्याचें ठरलें आहे. पुढचीं भाकितेंहि जुळत गेलीं. हिशेब काढून घेतील, घेतला. कागदांच्या कपाटाच्या किल्ल्या मागतील, मागितल्या! माझ्या सिद्धांताचा शेवटचा पुरावा जसा तिचें मौन, तसा तिच्या सिद्धांताचा शेवटचा पुरावा माझा पुढें झालेला हात. दोघांचीं अनुमानें एकाच सांच्यांतलीं होतीं, दोघांत दोष एकच होता, आणि दोघांच्या चुलींत ओलें लांकूडहि तेंच होतें. आठ महिने आम्ही एका छपराखालीं एकमेकांविषयीं सिद्धांत रचीत राहिलों होतों.

तिच्या अनुमानाला आधार अगदींच नव्हता असेंहि नाहीं. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनीं जी चळवळ केली, तिच्या सभांना मी तरुणपणीं गेलेलों आहें. पण गेल्या वर्षीं एका बांधकाम-व्यावसायिकाचा माणूस आमच्याकडे दोनदां येऊन गेला, तेव्हां मीं त्याला होकार दिला नाहीं हें जितकें खरें, तितकेंच स्पष्ट नकार दिला नाहीं हेंहि खरें. "विचार करून सांगतों," असें म्हणालों होतों. तें वाक्य आईला ऐकूं आलें नसेल. माझा चेहरा तिनें नीट वाचला होता.

"विकलेली नाहीं, आणि विकणार नाहीं," मी म्हणालों. "पण तूं मला आधींच कां विचारलें नाहींस?"

"तूं तरी मला कां विचारलें नाहींस, कीं आई, तुला ऐकूं येतें का?" ती म्हणाली, आणि मग स्वतःशींच हंसून, "म्हणा, विचारलें असतेंस तरी तें मला ऐकूं आलें नसतें."

किल्ल्या मीं त्याच संध्याकाळीं परत दिल्या. तिनें त्या मोजून घेतल्या. नारळांचा आठ महिन्यांचा हिशेबहि मागितला, आणि त्यांत दोन ठिकाणीं माझी बेरीज चुकलेली काढून दाखविली.

ह्या प्रकरणावर मीं पुष्कळ विचार केला. तर्कानें मनाचें शास्त्र उभारतां येतें का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना पूर्वींसारखाच घालतों; पण उत्तर थोडें बदललें आहे. हलच्या शिखराकडे मी अजूनहि आदरानें पाहतों. त्याच्या मांडणींत एक मोठा गुण होता: आपण नेमकें काय गृहीत धरलें आहे हें तो लपवीत नसे, आणि जें उघड मांडलें तें पाडतां येतें. पुढच्या पिढ्यांनीं त्याचें बरेंचसें बांधकाम पाडलेंहि. तर्काचें खरें सामर्थ्य मला आतां ह्यांत दिसतें. मन कसें आहे हें तर्क सांगत नाहीं. तुमचें म्हणणें खोटें असेल तर तें कोठें उघडें पडेल, एवढें तो दाखवितो. तो पत्ता उलटणें आपल्याकडे असतें.

दुसरी गोष्ट वडिलांच्या डोंगरावरून सुचली. डोंगराविषयीं आपण कांहींहि अनुमान केलें तरी डोंगर तें मनावर घेत नाहीं. धूर असेल तर असेल, नसेल तर नसेल. माणसाचें तसें नाहीं. त्याच्याविषयीं आपण जो सिद्धांत धरतों, त्याप्रमाणें आपण त्याच्याशीं वागूं लागतों. तें वागणें त्याला कळतें, तें दुखावतें, गप्प होतें, आणि त्याच्या गप्प होण्याला आपण पुरावा म्हणतों. म्हणून मनाच्या शास्त्रांत ओलें लांकूड शोधणें ही केवळ बुद्धीची कसरत नव्हे. तें आपलें कर्तव्य आहे. आणि पुष्कळदां तें लांकूड आपल्याच हातानें चुलींत सारलेलें असतें.

तेव्हां पत्नीच्या त्या सुभाषिताचा हिशेब असा निघतो. तर्कशास्त्र कॉलेजांत ठेवून यावें, हें पुरतें खरें नाहीं. माझा अपराध तें घरीं आणल्याचा नव्हता. अर्धेंच आणल्याचा होता. सिद्धांत जुळवणारा अर्धा भाग मीं आणला, मोडणारा अर्धा वर्गांतल्या टेबलावर चार पत्त्यांबरोबर राहून गेला. हें मीं तिला समजावून सांगितलें. तिनें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "तें सगळें ठीक आहे, पण कोथिंबीर आणलीत का?"

ती मी विसरलों होतों. ओटीवरून आई म्हणाली, "ह्याचे कान तपासून घ्या गं एकदां."